सात नंबरची खोकी

मास्तरांनी ओलं कातडं टेबलाच्या कडेवर टाकलं, दोन्ही मुठींत धरलं आणि आपल्याकडे ओढलं. ताणल्याशिवाय कातड्याचा अंदाज येत नाही. ते कुठे सैल आहे, कुठे जनावराला काटा लागला होता, कुठे हातमोज्याची चार बोटं निघतील आणि कुठे नुसता अंगठा, हे सगळं ओढताना हाताला कळतं. त्यांनी दुसऱ्यांदा ओढायला घेतलं तेवढ्यात पॅकिंगमधला रेडिओ दारात येऊन उभा राहिला.

रेडिओ हे काही त्याचं नाव नव्हतं. दिवसभर बोलत असायचा म्हणून पडलं होतं. आता खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे.

"मास्तर, माल परत येतोय."

"कुठला माल?"

"आपलाच. दोनशे खोकी. बोट तिकडच्या बंदराला लागली, पण गिऱ्हाईकाने माल उतरवूनच घेतला नाही. म्हणतो, एवढं शुल्क भरल्यावर मी एक जोड विकू कितीला? तीन दिवस, मास्तर. बोट तीन दिवस आधी पोचली असती तर जुन्या दराने सुटला असता."

"खोकी उघडली त्यांनी?"

"हातसुद्धा लावला नाही. गेली तशी येतायत. नशीब बघा, आपण जन्मात समुद्र ओलांडला नाही आणि खोकी फुकटात जाऊन आली."

रेडिओ आपल्याच बोलण्यावर हसला आणि एकदम गप्प झाला. त्याच्या लक्षात आलं असावं. ती खोकी जुळवणीच्या टेबलावरून गेली होती, आणि त्या टेबलावर बसणारी बाई म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मास्तर कामावर परतल्याचा तो तिसरा दिवस होता.

"बरं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कातडं ओढलं.

ते मधोमध फाटलं. रेडिओने त्या फाटलेल्या कातड्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि तो निघून गेला. कारखान्यात मास्तरांच्या हातून कातडं फाटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

कारखाना लहान होता. चव्वेचाळीस माणसं. चामड्याचे हातमोजे बनवायचे आणि समुद्रापलीकडच्या एकाच मोठ्या देशात पाठवायचे, हे मालकिणीच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलं होतं. मास्तर कापायचे. डावे एका रांगेत शिवले जायचे, उजवे दुसऱ्या रांगेत. मग दोन्हींचे ढीग जुळवणीच्या टेबलावर यायचे आणि तिथे डाव्याला त्याचा उजवा शोधून द्यायचा. तपकिरी म्हटलं तरी एक तपकिरी नसते. प्रत्येक कातडं रंग वेगळा पितं. मास्तरांच्या बायकोला तपकिरीच्या अठरा छटा ओळखता येत. आकार, जाडी, ताण आणि छटा, चारही जमलं की ती जोड बाजूला ठेवायची. चाळीस जोड झाले की एक खोकं, आणि खोक्यात वर एक चिठ्ठी. जुळवणाऱ्याचा नंबर आणि तारीख. तिचा नंबर सात.

जुळवणीचं टेबल उत्तरेच्या खिडकीखाली होतं. उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि त्यात रंग जसा असतो तसा दिसतो. दुपारी चार वाजले की जुळवणी बंद. दिवा लावून जोड जुळवायचा नाही, हा नियम मालकिणीच्या वडिलांनी भिंतीवर लिहून ठेवला नव्हता, पण लिहिल्यासारखा सगळे पाळायचे.

"दिवा खोटं बोलतो," मास्तरांची बायको म्हणायची. "त्याच्यापुढे काळा नि तपकिरी सख्खे भाऊ."

तो नियम मोडला तो त्या वर्षी. समुद्रापलीकडच्या देशाने जाहीर केलं, की एक तारखेपासून बाहेरच्या मालावर जबर आयातशुल्क लागेल, आणि आपल्या देशाचं नाव यादीत पहिल्या दहात आहे. पहिले दोन दिवस कुणाला खरं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मालकीण स्वतः कापणीच्या खोलीत आली. ती तिशीतली होती. लहानपणी याच टेबलाखाली कातड्याच्या तुकड्यांशी खेळलेली, म्हणून मास्तरांना काका म्हणायची.

"काका, महिन्याचा माल पंधरा दिवसांत काढायचाय. एक तारखेच्या आत बोट तिकडे लागली पाहिजे. शिवणारे दोन पाळ्या करतील. पण जुळवणी चारला थांबली तर सगळं अडतं. दिवे लावून चालेल का?"

मास्तरांनी थोडा विचार केला. सगळ्यांत जुने तेच होते. त्यांनी होकार दिला की बाकीचे कुरकुर करणार नाहीत, हे मालकिणीला माहीत होतं.

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "चालेल."

त्या संध्याकाळी टेबलावर चार दिवे टांगले गेले. घरी जाताना बायको म्हणाली, "दिव्याखाली नको हो. मला नाही जमायचं."

"सगळे करतायत. तू एकटीच शहाणी का?"

दुसऱ्या दिवशीपासून ती दिव्याखाली बसली. त्या दिवसांत एक अफवाही फिरत होती, की बोट वेळेत लागली नाही तर निम्मी माणसं कमी होणार, आणि ज्यांच्या चुका निघतील त्यांची नावं आधी जाणार. टेबलावर तिच्या समोर तिची धाकटी बहीण बसायची, पण ती नेमकी त्याच पंधरवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी गेली होती. दोघींचं काम एकटीने उरकलं. शेवटचं खोकं बंद झालं तेव्हा रेडिओने टाळ्या वाजवल्या होत्या आणि मालकिणीने तिचे दोन्ही हात हातात घेतले होते.

त्यानंतर अकराव्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला धरून खाली बसली. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की गाठ आहे, बरीच जुनी असणार.

"दिसण्याची काही तक्रार करत होत्या का? रंग ओळखता न येणं वगैरे?"

"हिचे डोळे?" मास्तर जवळजवळ हसले होते. "अहो डॉक्टर, ही अठरा छटा ओळखते."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की नाही, ते मास्तरांनी पाहिलं नाही. नऊ दिवसांनी ती गेली.

माल परत यायला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत आणखी बरंच काही झालं. आपल्या सरकारनेही तिकडच्या मालावर शुल्क लावलं. तिकडून येणाऱ्या मालात कच्ची कातडी होती, हे बहुधा कुणाच्या ध्यानात आलं नसावं. कातडी येणं बंद झालं. त्यांनी त्यांचा राजदूत परत बोलावला, मग आपण आपला. रोज संध्याकाळी बातम्यांत दोन्हीकडची माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून सांगत, की आम्ही झुकणार नाही.

"झुकू नका," रेडिओ म्हणायचा. "तुम्ही कशाला झुकताय? कातडं ओढायला आमचे मास्तर झुकतात."

कापायला कातडं नसल्यामुळे मास्तरांना काम उरलं नव्हतं. शिवणाऱ्यांपैकी अकरा जणांना घरी बसवलं. उरलेले आठवड्यातून तीन दिवस येत आणि यंत्रं पुसून परत जात. गेटवरच्या माणसाला आता आत किती आहेत ते मोजावं लागत नसे, नुसतं बघून कळायचं.

मग एक आशा निघाली. दुसऱ्या एका देशातला व्यापारी हा परत आलेला सगळा माल घ्यायला तयार झाला. माल पसंत पडला तर पुढच्या वर्षाचं कामही देणार, कातडी त्याचीच. त्याचा माणूस गुरुवारी बघायला येणार होता. पण शनिवारी त्याच्या देशाची इथली वकिलात बंद होणार होती. तो देशही या भांडणात कुणाच्या तरी बाजूने ओढला गेला होता. म्हणजे जे काही ठरायचं ते गुरुवार ते शनिवार.

"एकदाच येणार आहे तो," मालकिणीने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "त्याला माल आवडला तर कारखाना चालेल. नाहीतर सोमवारी गेटला कुलूप. मी लपवून ठेवत नाही." आणि मग मास्तरांकडे बघून ती म्हणाली, "पण मला काळजी नाही. तो माल मावशींच्या हातचा आहे. मावशींच्या जोडात चूक काढायला अजून कुणी जन्मलेलं नाही."

सगळ्यांनी मान हलवली. कारखान्यात सगळे तिला मावशीच म्हणत.

खोकी सोमवारी सकाळी आली. समुद्राच्या हवेने बुरशी धरली आहे का ते बघायचं होतं, आणि ते काम रिकाम्या बसलेल्या मास्तरांकडे आलं. त्यांनी पहिलं खोकं उत्तरेच्या खिडकीपाशी नेलं, पट्टी कापली. वर चिठ्ठी होती. सात. तिचा सातचा आकडा, शाळेत गिरवल्यासारखा गोलाकार. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि पहिला जोड उचलला.

बुरशी नव्हती. पण डावा गडद होता आणि उजवा त्याहून लालसर.

त्यांनी तो बाजूला ठेवला. एखादा जोड चुकतो. दुसरा घेतला. डावा पिवळट, उजवा गडद. तिसरा. चौथा बरोबर होता. पाचवा पुन्हा चुकलेला. मास्तरांनी खोकं टेबलावर उपडं केलं. चाळीस जोडांतले सव्वीस उजेडात बघण्यासारखे नव्हते.

पहिल्यांदा त्यांना रंगवाल्याचा राग आला. मग दिव्यांचा. दिव्याखाली जुळवलं की असं होणारच, आणि दिव्यांना होकार आपणच दिला होता. एक लालसर आणि एक गडद असे दोन मोजे त्यांनी नुसतेच हातात घातले, काहीतरी करायचं म्हणून, आणि मुठी मिटल्या. त्या मिटल्यावर ते थांबले.

त्यांनी डोळे मिटले आणि मुठी पुन्हा उघडल्या, मिटल्या.

डावा आणि उजवा सारखे होते. जाडी तीच, ताण तोच, बोटांच्या पेरांवर चामडं वळायची जागाही तीच. दोन वेगळ्या कातड्यांचे होते, पण दोन्ही पाठीच्या अगदी एकाच भागातून निघालेले. कापणाऱ्यालाच ते कळावं. त्यांनी दुसरा जोड घातला, तिसरा घातला. सगळे तसेच. डोळे मिटून बघितलं तर एकाही जोडात चूक नव्हती.

मास्तर बराच वेळ टेबलापाशी हातात न जुळणारे मोजे घालून बसून राहिले. पॅकिंगमधून रेडिओ हाक मारत होता, "मास्तर, बुरशी आहे का?"

"नाही," ते म्हणाले.

दुपारी धाकटी आली. बाळंतपणाहून परतल्यापासून ती रोज येऊन बहिणीच्या रिकाम्या स्टुलासमोर बसायची आणि चारला घरी जायची. मास्तरांनी तिच्यापुढे एक जोड ठेवला. तिने तो उचलूनही बघितला नाही.

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"भाऊजी..."

"कधीपासून?"

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "वर्ष होईल. आधी नुसतं लाल नि तपकिरी मिसळायचं. मग ती प्रत्येक जोड टेबलाखालून मला दाखवायची. मी मान हलवली की ठेवायची. कुणाला कळलं नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या भाऊजींना सांगितलं तर ते दवाखान्यात नेतील, दवाखान्यात नेलं की रजा, आणि या दिवसांत रजा घेतली की नाव गेलं. म्हणाली, बोट एकदा जाऊ दे, मग मीच सांगते."

मास्तरांनी मान हलवली. घरी गेले वर्षभर बायको त्यांना विचारायची, हा दोरा काळा आहे का निळा, हा सदरा कुठला काढला मी. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता उत्तर द्यायचे. त्यांना वाटायचं, आपल्याला बोलतं करायला विचारते. एकदा तर म्हणालेही होते, तुला माझ्याशी भांडायला दुसरा विषय मिळत नाही का. ती हसली होती.

"खिडकीपाशी तिला थोडं दिसायचं अजून," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "अगदी जवळ धरलं की गडद आणि फिकं एवढं कळायचं. दिव्याखाली मात्र काहीच नाही."

मास्तर उठले. खिडकीची एक फळी अर्धी लोटलेली होती, ती त्यांनी पूर्ण उघडली.

"त्या पंधरवड्याची किती खोकी असतील?"

"चिठ्ठ्या बघाव्या लागतील."

चिठ्ठ्या बघितल्या. तारखेवरून सात नंबरची एकशे अठरा खोकी निघाली. आधीची ब्याऐंशी धाकटी असतानाची होती, ती चांगली होती. मास्तरांनी ती पुढच्या भिंतीपाशी लावली आणि एकशे अठरा मागे. एका दिवसाची खोकी एकत्र उपडी करायची, सगळे जोड मोडायचे आणि उजेडात पुन्हा जुळवायचे, एवढाच उपाय होता. मास्तरांनी आयुष्यात जुळवणी केली नव्हती. बायको म्हणायची, तुम्ही कापा, बघायचं काम माझं. आता ते तिच्या स्टुलावर बसले आणि धाकटीने दोनदा दाखवल्यावर तिसऱ्यांदा त्यांना जमलं.

जुळवण्यापेक्षा मोडणं अवघड होतं. जोड हातात घेतला की बोटांना तो बरोबर वाटायचा. मग डोळे उघडे ठेवून तो वेगळा करायचा.

"भाऊजी, मिटू नका," धाकटी म्हणायची. "डोळे मिटू नका. वेळ जातो."

सोमवारी चारपर्यंत सहा खोकी झाली. मंगळवारी पंधरा. रेडिओला पहिल्या दिवशी काही कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. नुसती खोकी आणून ठेवत होता, भरलेली परत नेत होता. संध्याकाळी जाताना मास्तरांना म्हणाला, "मी कुणाला काही बोललो नाही हां."

"तुला ताप तर नाही ना आला?" धाकटीने विचारलं.

"चेष्टा करा माझी," रेडिओ म्हणाला. "पोट फुगलंय माझं आतल्या आत."

बुधवारी मास्तर मालकिणीच्या खोलीत गेले. ती फोनवर होती. पाहुण्याच्या परवान्याबद्दल कुणाशी तरी बोलत होती, वकिलातीत फोन उचलायला माणूस उरला नाही म्हणत होती. तिने फोन ठेवला आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून हात वर केला.

"काका, आज मला वाईट काही सांगू नका. उद्याच्या नंतर सांगा."

मास्तर दारातून परतले.

पण चार वाजता ती स्वतः खाली आली. टेबलावर मोडलेल्या जोडांचा ढीग होता, एका बाजूला झालेली खोकी, मागे न झालेली. तिने एक न झालेलं खोकं उघडलं, एक जोड काढला, खिडकीशी धरला. मग आत दिव्याखाली नेऊन बघितला. परत खिडकीशी आणला. तिच्या वडिलांची मुलगी होती, तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती?"

"छत्तीस झाली. ब्याऐंशी राहिली."

ती स्टुलावर बसली. म्हणाली, "मावशींनी?"

धाकटी बोलणार होती, पण मास्तरांनी तिच्याकडे बघितलं.

"दिव्यांमुळे," मास्तर म्हणाले. "दिव्यांना हो मी म्हटलं होतं."

मालकिणीने जोड खोक्यात परत ठेवला आणि पट्टी बोटाने दाबून दाबून बसवली. "उद्या दिवे लावू," ती म्हणाली. "पाहुणा काही आमच्यासारखा जुळवणीवाला नाही, व्यापारी माणूस आहे. झालेली पुढे ठेवा, न झालेली मागे. चव्वेचाळीस घरं आहेत, काका. अकरा आधीच घरी बसलीत. मला रोज सकाळी गेटवर त्यांच्या बायका दिसतात."

"आणि माल तिकडे पोचल्यावर?"

"तोवर कातडी आलेली असतील. पुढचं पुढे."

"पुन्हा परत आला तर?"

ती उठली आणि टांगलेल्या एका दिव्यावरची धूळ हाताने पुसू लागली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी खिशातल्या चिठ्ठ्या काढून घरच्या टेबलावर ठेवल्या. छत्तीस सात. बायको वारल्यावर डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, तुम्ही काही करू शकला नसतात. मास्तरांनी चहा केला, दोन कप काढले, एक परत ठेवला. समोरच्या घरातून बातम्यांचा आवाज येत होता. आणखी एका देशाने यादी जाहीर केली होती.

गुरुवारी सकाळी ते आले तेव्हा जुळवणीच्या टेबलावरचे चारही दिवे लागलेले होते. उत्तरेची खिडकी बंद होती आणि तिच्यावर कारखान्याचं नाव लिहिलेलं मोठं कापड दोन खिळ्यांना बांधून टांगलं होतं. छान दिसत होतं. आलेल्या माणसाला वाटलं असतं, तिथे भिंतच आहे.

धाकटी तिच्या जागेवर बसली होती. तिने वर बघितलं आणि खाली बघितलं.

पाहुणा दहाला आला. साधा, थकलेला माणूस, गुडघे दुखत असावेत असा चालणारा. त्याची भाषा मालकिणीलाच कळत होती. त्याने शिवणाची यंत्रं बघितली, मास्तरांचं टेबल बघितलं, टेबलाच्या कडेला पडलेल्या खाचेवर हात फिरवला आणि काहीतरी विचारलं.

"किती वर्षं, विचारतायत," मालकीण म्हणाली.

"चौतीस," मास्तर म्हणाले.

माणसाने मान हलवली, जणू तेवढंच ऐकायचं होतं. मग तो खोक्यांकडे वळला. रेडिओने पुढच्या रांगेतलं एक खोकं आधीच उचलून धरलं होतं. माणसाने हसून हात आडवा केला आणि तो सावकाश रांगांच्या मधून चालत मागे गेला. मालकीण त्याच्या मागोमाग गेली, काहीतरी बोलत. तो ऐकत होता आणि चालत होता. शेवटच्या रांगेपाशी थांबून त्याने वरून दुसऱ्या खोक्यावर बोट ठेवलं.

रेडिओ हललाच नाही. शेवटी मास्तरांनी जाऊन ते खोकं उचललं, आणून टेबलावर ठेवलं, पट्टी कापली. वर सात नंबरची चिठ्ठी होती.

मालकीण चिठ्ठीकडे बघून पाहुण्याला काही सांगू लागली. तिच्या बोलण्यात मावशी हा शब्द आला. माणसाने एक जोड उचलला, हातात घातला, मुठी मिटल्या, उघडल्या. त्याचा चेहरा उजळला. त्याने धाकटीकडे बघून काही कौतुकाचं म्हटलं. मग दिव्याखाली धरून बघितलं. दिव्याखाली रंगांतला फरक दिसत नव्हता. तो मालकिणीकडे वळला आणि त्याने हात पुढे केला.

मालकिणीचा हात पुढे येत होता तेव्हा मास्तर टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी गेले. त्यांनी कापडाची एक गाठ सोडली, मग दुसरी. कापड खाली पडू न देता त्याची घडी घातली आणि स्टुलावर ठेवली. कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत लोटल्या.

"काका," मालकीण म्हणाली. मोठ्याने नाही.

"जुळवणी उजेडात बघतात, बाई," मास्तर म्हणाले. "पाहुण्यांना सांगा."

तिने सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. माणूस हातांत मोजे तसेच ठेवून खिडकीपाशी आला होता. त्याने दोन्ही हात शेजारी शेजारी धरले आणि तो बघत राहिला, आधी एका हाताकडे, मग दुसऱ्या. रेडिओने हातातलं खोकं खाली ठेवलं.

मास्तर परत येऊन बायकोच्या स्टुलावर बसले. घडी केलेलं कापड त्यांनी मांडीखालून काढून धाकटीकडे दिलं. मग उघडलेलं खोकं पुढे ओढून उपडं केलं आणि पहिला जोड मोडला. धाकटीने डावे आपल्याकडे घेतले.

मागच्या रांगांत अजून एक्क्याऐंशी खोकी उघडायची राहिली होती.